भावोजींनी खोललेली गाडी

गाडी बिघडली म्हणून ती खोलणारी माणसं जगात पुष्कळ असतील, पण गाडी धड चालतेय हे सहन न होऊन ती खोलणारा माणूस एकच, आणि तो नेमका आमच्या धाकट्या बहिणीच्या पदरात पडला. आम्ही दोघी बहिणी किन्हवलीत एकाच आळीत दिलेल्या. तिच्या अंगणात आणि माझ्या अंगणात आडवं आहे ते एक शेवग्याचं झाड, बाकी काही नाही. त्यामुळे भावोजींचं जे काही चालतं ते मला खिडकीतून दिसतं, ऐकू येतं, आणि वारा तिकडून असला तर डिझेलच्या वासासकट माझ्या वरणात उतरतं.

बरं, भावोजी काही मेकॅनिक नव्हेत. आसनगावच्या एका कंपनीत त्यांनी जन्मभर स्टोअर सांभाळलं. दुसऱ्यांना नटबोल्ट काढून द्यायचे, स्वतः एकही फिरवायचा नाही, अशी नोकरी. ती भूक आत साठत गेली असणार. निवृत्तीच्या तोंडावर त्यांनी कुठल्याशा लिलावातून एक जुनी फोर-व्हील जीप घेतली. ती काही चालत आली नाही, ट्रॅक्टरला दोर बांधून ओढत आणली. आमची बेबी, म्हणजे माझी बहीण, आरतीचं ताट घेऊन दारात उभी होती. आळीच्या वळणावरून आधी आला तो ट्रॅक्टर. तिने भाबडेपणाने त्यालाच कुंकू लावलं, नारळ फोडला, ट्रॅक्टरवाल्याला पेढा दिला, आणि मागून जीप आली तेव्हा ताटात नुसती राख होती. तेव्हापासून गाडीचं काही अडलं की भावोजी म्हणतात, "सुरुवातीलाच ओवाळायची राहिली ना ती." म्हणजे दोष कुणाचा, तर आमच्या बेबीचा!

त्या जीपला काय काय बसवलंय म्हणून सांगू? दुसऱ्या कुठल्या गाडीचं पॉवर स्टिअरिंग बसवलं. पुढे असे दिवे लावले की एकदा सहज पेटवून बघितले तर समोरच्या घरातल्या म्हातारबुवांनी उजाडलं समजून तोंड धुतलं. मोबाइल चार्ज करायची सोय झाली. नदीत गाडी बुडाली तरी इंजिनाला हवा मिळावी म्हणून एक काळी नळी पार टपापर्यंत नेली. मी म्हटलं, "भावोजी, ही गाडी अजून आपल्या न्हाणीचं सांडपाणी ओलांडून गेली नाय, नदीत कधी जायची?" तर म्हणाले, "ताई, नदी सांगून येत नाय." सगळं शिक्षण मोबाइलवर. कुणी रशियन म्हणा, कुणी अरबी म्हणा, आपापल्या भाषेत बोलत गाडी जोडत असतो आणि हे खाटेवर बसून मान डोलवतात. "कळतं का काय बोलतोय ते?" असं बेबीने विचारलं तर म्हणतात, "पाना सगळ्या भाषांत एकाच बाजूला फिरतो."

गाडीपायी दोन घरांच्या स्वयंपाकघरांची दैना झाली ती वेगळीच. माझी पितळेची परात एकदा 'पाच मिनिटांसाठी' नेली ती काळं तेल धरायला. बेबीचं इडलीपात्र तर कायमचं गेलं. त्याच्या एकेका खळग्यात एकेका मापाचा नट, वर झाकण. आमच्या घरातल्या जुन्या लुगड्यांवर त्यांची बारीक नजर असते. मी नेसलेल्या लुगड्याचा काठ लांबूनच न्याहाळत विचारतात, "ताई, सुतीच ना हे? पुसायला टेरिकॉट चालत नाय." अहो, अंगावर आहे अजून माझ्या! आणि कानाचं तर विचारूच नका. लांब पेचकसाचं टोक इंजिनाला लावायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटून ऐकायचं, ही त्यांची तपासणी. पण ती इंजिनापाशी थांबत नाही. मिक्सरला लावतात, पंख्याला लावतात. मी पायऱ्या चढताना गुडघा वाजला तर लांबूनच निदान आलं, "ताई, बुश गेले तुमचे. वजन कमी करा नायतर बदलून घ्या."

लग्नपत्रिकांची गोष्ट मात्र सांगायलाच हवी, कारण त्यापायी आमची नातलगांत शोभा झाली. गाडीच्या दोन लोखंडी भागांच्या मध्ये पाणी, तेल गळू नये म्हणून जाड कागदाचं पॅकिंग घालतात. भावोजींचा शोध असा, की बाजारच्या पॅकिंगपेक्षा लग्नपत्रिका सरस. त्यामुळे पत्रिका आली की ते वधू-वरांची नावं वाचत नाहीत, कागद दोन बोटांत धरून चोळतात. "मुलीकडच्यांनी चांगला माल वापरलाय," असं म्हणतात आणि लग्नाला जायचं की नाही ते त्यावर ठरवतात. एकदा आमच्या चुलतभावाच्या मुलीची पत्रिका आली, मखमली, जाडजूड. बेबी गिरणीवर गेली होती. ती येईपर्यंत पत्रिकेचं कापून गोल झालं होतं, मध्ये भोक पडलं होतं आणि ते पाण्याच्या पंपात बसून वर बोल्टही आवळले गेले होते. "तारीख काय होती?" "आता पंप खोलल्याशिवाय कसं सांगू?" बेबीने अंदाजाने दिवस धरला, आम्ही सगळे नटूनथटून गेलो, तर मांडवाचे बांबू उतरवत होते. भावाने आजतागायत ते मनातून काढलेलं नाही. पण पंप अजून थेंबभर गळत नाही, हे भावोजी भावाच्याच तोंडावर सांगून आले.

आणि एवढं करून गाडी तयार झाली का, तर कधीच नाही. "एवढं एक राहिलंय" हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं, पण मध्ये आमची आई आली. म्हणजे ती येत नव्हती, हीच तर अडचण. आई मुरबाडच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याला एका वाडीत एकटी राहते. वडील आमच्या लहानपणीच गेले. दोघींना तिने शेतावर राबून वाढवलं, उजवलं आणि मग कुणाकडे म्हणून राहायला आली नाही. एसटी खाली रस्त्यावर सोडते, वर जायला नुसता दगडगोट्यांचा चढ. अलीकडे तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू इतका वाढला की ती आम्हाला आवाजावरून ओळखायला लागली. चुलीत लाकूड सारताना हात भाजून घेतला. मी पदर धरून विनवलं, "आये, खाली चल. शहापूरच्या डॉक्टरांकडे दाखवू, आमच्याकडे राहा." तर म्हणे, "माझं घर माझ्या हाताला पाठ हाय. मना काय झालंय?" चार माणसं लावून डोलीतून नेऊ म्हटलं तर भडकलीच. "माणसांच्या खांद्यावर चढायला मी अजून मेले नाय!" आणि मग गालात हसत म्हणाली, "येईन ना. जावयबापू दर दिवाळीला सांगतात, पुढच्या टायमाला गाडी दारात आणतो. त्या गाडीत बसून येईन."

बघा म्हातारीचा कावा! गाडी काही होत नाही, हे तिला इतक्या लांब, न दिसणाऱ्या डोळ्यांनीसुद्धा पक्कं दिसत होतं.

मी येऊन भावोजींना सांगितलं, की आता आईची दृष्टी तुमच्या हातात आहे. ते गंभीर झाले. मला वाटलं, चला, माणूस शहाणा झाला. दुसऱ्या दिवशी बघते तर त्यांनी गाडीची सीटच उपटून काढली. "आईंची कंबर हाय, धक्के बसतील." मग सीटखाली स्प्रिंगा बसवल्या. मग चढायला एक लोखंडी पायरी केली, ती उंच वाटली म्हणून खाली घेतली, मग धरायला मूठ लावली. आईचा हात कुठवर पोचेल ते बघायला बेबीला वाकवून उभी करायचे, "आई एवढ्या ताठ नसतात, अजून वाक." ती सकाळभर कंबर वाकवून अंगणात उभी, मागे भात करपतोय. शहापूरच्या डॉक्टरांनी दिलेली तारीख अशीच निघून गेली. तेव्हा मात्र माझा तोल सुटला. शेवग्याखाली उभी राहून मी ओरडले, "भावोजी, तुम्हाला गाडी सजवायची हाय का माझ्या आईला आणायचंय? तुमचं पॉलिश होईपर्यंत ती आंधळी होऊन बसेल!" त्यांनी हातातला पाना पुसून ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात जीप घरघरत उभी होती.

बेबी आईची खाट मांडायला घरी राहिली, मी पुढे बसले. खरं सांगते, सरळगावच्या पुढे भातशेतांतून गाडी अशी गेली की मला माझ्या जिभेची लाज वाटू लागली. वाडीचा चढ आला तशी मागची चाकं गोट्यांवर फिरायला लागली. भावोजी रुबाबात म्हणाले, "ताई, आता बघा. पुढची चाकं लावतो." त्यांनी गिअरशेजारचा छोटा दांडा ओढला. गाडी जागेवर. पुन्हा ओढला, धूर निघाला, गोटे उडाले, गाडी तसूभर हलेना. ते खाली उतरले, वाकून गाडीखाली बघितलं आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले. मग येऊन माझ्या शेजारी बसले, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून.

"काय झालं?"

"पुढचा शाफ्ट घरी राहिला."

म्हणजे इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना नेणारा तो लोखंडी दांडा, ज्याच्यामुळे हिला फोर-व्हील म्हणायचं तोच, त्यांनी ग्रीस भरायला काढला होता आणि कुणाचा पाय लागू नये म्हणून जपून पलंगाखाली ठेवला होता. सीटला स्प्रिंग लावली, पायरी लावली, मूठ लावली, पण मुळातला दांडा पलंगाखाली! मी कपाळावर हात मारला, तोंडाला येईल ते बोलले. ते ऐकून घेत होते. त्यांचा चेहरा असा झाला होता की मीच शेवटी गप्प बसले.

तेवढ्यात वरून काठीचा आवाज आला. शेजारणीच्या खांद्यावर हात ठेवून आई उतरत होती. अख्ख्या वाडीत धूर आणि घरघर पोचली होती ना! खाली येऊन म्हणाली, "एवढा आवाज आमच्या जावयाच्याच गाडीचा असणार, म्हटलं बघू तरी." बघणार काय, तिने हातानेच सगळी गाडी चाचपली. बोनेट, आरसा, ती काळी नळी. मग तिचा पाय पायरीला लागला, हात वर गेला तो नेमका मुठीवर. ती थबकली.

"एवढ्या खाली कुणासाठी हो केली पायरी?"

"तुमच्यासाठीच, आई," भावोजी मान खाली घालून म्हणाले. "पण दारापर्यंत नाय आणता आली."

आईने मूठ घट्ट धरली. मग शेजारणीला म्हणाली, "कोंबड्यांना दाणे टाक गो," आणि कुणाचा हात न घेता गाडीत चढून बसली.

दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं चांगली झाली. पट्टी सुटल्यावर तिने आधी मला बघितलं आणि म्हणाली, "तू म्हातारी झालीस गो." मग अंगणात जीपकडे बघून, "ही? मी आवाजावरून मोठी समजले होते." डोळ्यांत थेंब घालायचे दिवस संपेपर्यंत ती आमच्यात राहिली. संध्याकाळी दोघी लेकींना दोन बाजूंना बसवून जुन्या गोष्टी सांगायची. पण थेंब संपले त्याच दिवशी तिने पिशवी भरली. "आता मना घरी सोडा. आणि एसटी नको, चढ नको. जावयाच्या गाडीतून दारात उतरणार, वाडीने बघितलं पायजे." आम्ही दोघींनी किती समजावलं, पण तिचा शब्द तो शब्द. भावोजी नुसते म्हणाले, "सोडतो ना. शाफ्ट बसवला की निघू."

शाफ्ट बसवायला असा किती वेळ लागतो? दुसऱ्या दिवशी सकाळी मी दार उघडलं तर अंगणात गोणपाट अंथरलेलं आणि त्यावर आख्खं इंजिन, सुटं सुटं करून मांडलेलं. चांगलं चालणारं इंजिन! माझ्या डोक्यात तिडीकच गेली. तरातरा गेले. "अहो, तुम्हाला काही म्हणून चैन नाय का? काल धावत होती ना ती? आता ही कधी जोडायची?"

भावोजींनी वर बघितलं नाही. एक पिस्टन पुसत, हळू आवाजात म्हणाले, "जोडलेली असली तर आईंना नाय कसं म्हणायचं, ताई? त्या परत एकट्या."

मी मान वळवली. पलीकडे बेबीच्या ओट्यावर आई तांदूळ निवडत बसली होती, पिशवी शेजारी भरलेली. मी घसा साफ केला आणि तिला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "भावोजी, इंजिन काढलंच हाय तर गिअरबॉक्सपण खोला. एकदाच काय ते नीट बघून घ्या. घाई कसली हाय?"

आईने आमच्याकडे पाहिलं. आता तिला सगळं स्वच्छ दिसतं, गोणपाटही आणि आमची तोंडंही. ती एवढंच म्हणाली, "हो, नीटच बघा. वाटेत अडकायला नको बाई," आणि सुपातला बारीकसा खडा चिमटीत धरून तिने ओट्याखाली टाकला.