चकाचक गल्लीची फिल्म

माझी पुतणी लग्नांचं शूटिंग करून पोट भरते आणि उरलेल्या वेळात आसपासच्या माणसांवर छोट्या फिल्म करते. मी जन्मभर गोदामात पोती वाहिली. कॅमेरा धरून उभं राहणं म्हणजे काम, हे मला पटत नव्हतं. किल्ल्या बनवणाऱ्याच्या टपरीसमोर तिला भर उन्हात अर्धा दिवस गुडघ्यावर बसलेलं पाहिलं, मग पटलं.

तिची एक पद्धत आहे. आधी सांगून जायचं आणि तयार फिल्म पहिल्यांदा त्याच माणसांना दाखवायची. चोरून काही टिपायचं नाही. याच सरळपणाने आमचा घात केला.

आमच्या गल्लीतलं गटार तुंबतं आणि सगळी घाण शेवटच्या खोलीत, इस्त्रीवालीच्या टेबलाखाली शिरते. त्यावरच फिल्म करायची ठरली. "रविवारी येते," असं पुतणी सांगून गेली आणि गल्लीच्या अंगात आलं. शनिवारी सगळ्यांनी मिळून गटार उपसलं, फरश्या घासल्या. माझ्या बायकोने फिनेलची अख्खी बाटली ओतली. रविवारी सगळे भांग पाडून दारात उभे.

"मावशी, पाणी कुठाय?" पुतणीने विचारलं.

"पाणी दाखवलंस तर माझ्याकडे कपडे कोण टाकेल?" इस्त्रीवाली म्हणाली. "तू मला नीटनेटकी दाखव. तक्रार मी तोंडाने सांगते ना!"

पुतणीने जे दिसलं ते घेतलं. नगरपालिकेच्या साहेबाने ती फिल्म पाहिली आणि म्हणाला, "बाईंचं ऐकलं. पण गल्ली तर चकाचक दिसतेय! इतरांचे हाल बघा जरा." झालं. आमचं काम मागे पडलं.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. गल्ली काय आपोआप चकाचक राहते? काम यांनी टाळायचं, कंबर आमच्या बायांनी मोडून घ्यायची आणि वर त्यांच्याच मेहनतीकडे बोट दाखवून यांनी हात झटकायचे!

पुतणी पुन्हा इस्त्रीवालीकडे गेली. मी सोबत होतो. साहेब काय म्हणाला ते तिने जसंच्या तसं सांगितलं.

"चकाचक म्हणाला? त्याच्या बापाने घासली काय?" इस्त्रीवालीने इस्त्री आपटली. मग कपड्यांच्या गठ्ठ्याकडे बघत म्हणाली, "गिऱ्हाईक तुटेल गं माझं."

"तुटू शकतं, मावशी. नाही कसं म्हणू? तुम्ही नको म्हणालात तर नाही करणार."

"सकाळी ये. पाणी सकाळीच चढतं."

दुसऱ्या खेपेला पुतणीने फक्त उपसणं टिपलं. बाई खाली बसते, डबा भरते, बादलीत ओतते, कंबर धरून उठते, बादली बाहेर रिकामी करते, परत बसते. गाणं नाही, बोलणं नाही. तिच्याच खोलीत चादरीवर ती फिल्म आधी तिला दाखवली.

"किती लांबलंय हे," ती म्हणाली.

"कापू?"

"नको. मला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ बसू दे त्या साहेबालाही."

या वेळी अख्खी गल्ली नगरपालिकेत गेली आणि साहेबाला आमच्यासमोर, सभागृहात बसून ती पाहावी लागली. मध्येच त्याने मोबाइल काढला तशी माझी बायको मागून ओरडली, "साहेब, वर बघा, अजून बादली भरायचीय!" त्याच आठवड्यात खोदकाम सुरू झालं. नवा पाइप पडला.

पण इस्त्रीवालीची गिऱ्हाइकं तुटली ती तुटलीच. त्यातला एक, पलीकडच्या इमारतीतला, मला रस्त्यात म्हणाला, "काका, फिल्ममध्ये पाहिलं हो सगळं. आता कसे द्यायचे कपडे तिथे?"

"घाण बरी दिसली तुला," मी म्हणालो. "तुझे शर्ट तिने छताच्या कडीला टांगले होते आणि स्वतः पाण्यात बसली होती, ते नाही दिसलं?"

तो ओशाळला. कपडे मात्र त्याने अजून पाठवलेले नाहीत.