चुंबळीची सात अंडी

मी आयुष्यात चार जीव मारले, तेही मायेनं, दोन बोटांनी, सकाळ-संध्याकाळ नेमानं. तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते, लग्नाला वर्ष होत आलेलं, आणि डोक्यात पक्कं बसलेलं की अंडं म्हणजे अंडं, त्यातलं मला कळत नाही असं काही नसतंच. ती अंडी आमच्या शेजाऱ्यांची. वरवंडच्या गुरांच्या दवाखान्यात ते कंपाउंडर होते. त्यांना नाव होतं, पण ते फक्त पगारपत्रकावर. गावाला ते 'कंपाउंडर'.

कंपाउंडरांच्या हाताची घडी सहसा सुटत नसे. अडलेली म्हैस समोर, घरचे सगळे ओरडताहेत, कुणी बाह्या सरसावून वासराचे पाय ओढायला निघालाय, आणि हे हाताची घडी घालून म्हशीकडे बघत उभे. "आवो, काय तरी करा की!" असं मालकानं म्हटलं की उत्तर ठरलेलं, "करतोय की. बघतोय." मग अर्ध्या तासानं घडी सुटायची, हात एकदाच आत जायचा आणि वासरू बाहेर. गावात त्यावरून बोललं जाई, 'कंपाउंडर काय करत न्हाई, आन् म्हस मोकळी हुती.' सकाळी आमच्या ओट्यासमोरून जाताना ते "जय भीम, मावशी" म्हणायचे, आमच्या सासूबाई "रामराम" म्हणायच्या, आणि वर्षानुवर्षं दोघांचं त्यात छान चाललं होतं.

त्या साली दौंडला सर्कशीचा तंबू पडला होता. तिथले आजारी घोडे बघायला कंपाउंडर सायकलीवरून जात. गळ्यात साप घालून नाचणारी बाई सर्कशीतल्याच एका बँडवाल्याशी लग्न लावून निघाली, आणि जाताना आपली अजगरांची जोडी पत्र्याच्या ट्रंकेत घालून कंपाउंडरांच्या सायकलला बांधून गेली. आफ्रिकेतले अजगर. तीन हात लांब, अंगावर तपकिरी ठिपके, स्वभावानं अगदी गरीब. घाबरले की तोंड आत घालून स्वतःचंच गाठोडं करून बसायचे. आता लोक त्यांना बॉल पायथन म्हणतात आणि हौसेनं पाळतात म्हणे. आमच्याकडे त्यांचं नाव पडलं 'चुंबळ', आणि ते माझ्यामुळे पडलं.

झालं असं, की कंपाउंडरांच्या बायकोनं "घरात एक तर त्ये ऱ्हातील न्हायतर मी," असं सांगितल्यामुळे सापांची रवानगी दवाखान्यामागच्या खोलीत झाली होती. तिथंच नळ. मी घागर भरली, डोक्यावर घ्यायला कापडाची चुंबळ शोधू लागले, तर खोलीच्या कोपऱ्यात एक छान गुंडाळलेली दिसली. हात घातला. ती गार लागली आणि हलली. माझी किंकाळी पार हायवेवर ऐकू गेली असेल. कंपाउंडर आले, हाताची घडी घालून खाली बघत म्हणाले, "वैनी, जरा हळू. तुमच्यापेक्षा त्येच जास्त भ्यालंय."

नागपंचमीला बायका वाट्या भरभरून दूध घेऊन खोलीपाशी आल्या. कंपाउंडर म्हणाले, "साप दूध पीत न्हाई. पर दूध परत न्यायचं न्हाई, मी हाय की." आणि सगळ्या वाट्या स्वतः रिकाम्या केल्या.

पुढच्या चैत्रात मादीनं सात अंडी घातली. कंपाउंडर पहिल्यांदाच घाईत चालताना दिसले. सर्कशीतली बाई सांगून गेली होती, "ह्या मुलखात ह्यांचा वंश वाढायचा नाही, आम्ही लई बघितलं." त्या वाक्याचा कंपाउंडरांनी ध्यास घेतला होता. मादी अंड्यांना वेटोळं घालून बसली, पण आठ दिवसांत काळ्या मुंग्या लागल्या. मग त्यांनी एक माठ गळ्यापर्यंत जमिनीत पुरला, आत ओली वाळू घातली, लसीच्या पेटीतलं थर्मामीटर खोचलं आणि अंडी त्यात ठेवली. तीन एकमेकांना डिंकानं डकवल्यासारखी चिकटलेली, चार सुटी. प्रत्येकावर वरच्या बाजूला पेन्सिलीनं फुली मारली.

तेवढ्यात लसीकरणाची मोहीम निघाली. कंपाउंडरांना अठरा दिवस न्हावऱ्याला मुक्काम. त्यांची बायको त्या खोलीकडे बघतही नसे. उरले मी, किंकाळीनंतर धीट झालेली. जाताना म्हणाले, "वैनी, पारा नव्वदीच्या वर सरकला तर पोतं भिजवून माठावर टाका. बाकी काय म्हंजी काय करू नगा."

"बाकी काय करू नका" हे वाक्य एकोणीस वर्षांच्या मुलीला सांगू नये. तळेगाव ढमढेऱ्याला माझ्या आईच्या कोंबड्या मीच बसवायचे. बारा अंडी ठेवली की बारा पिल्लं, असा माझा लौकिक. कोंबडी चोचीनं अंडी फिरवते, नाहीतर ती एका अंगानं तापतात, हे मला ठाऊक. आणि इथे बघते तर सगळ्या फुल्या वरच! मला कंपाउंडरांची कीव आली. इतका शिकलेला माणूस, खूण केली आणि फिरवायचं सांगायला विसरला. मी पदर खोचला आणि चार सुटी अंडी सकाळी एका कुशीवर, संध्याकाळी दुसऱ्या. चिकटलेली तीन हलेनात, त्यांना "आळशी" म्हणून सोडून दिलं. ते परतायच्या दिवशी सगळ्या फुल्या पुन्हा वर आणून ठेवल्या, नीटनेटकं दिसावं म्हणून.

ज्येष्ठात ती आळशी तीन अंडी फुटली. कवचाला चीर पडली, त्यातून करंगळीच्या टोकाएवढं नाक बाहेर आलं आणि दिवसभर तसंच राहिलं. कंपाउंडर तिथेच, घडी घालून. सुटी चार मात्र पिवळी पडून आत खचली.

तीन जगली म्हणून ते नाचतील असं मला वाटलं होतं. ते आमच्या ओट्यावर येऊन बसले आणि सासूबाईंना म्हणाले, "मावशी, चार माझ्या हातानं ग्येली. सापाचं अंडं कोंबडीवानी नसतं. आतलं पिल्लू वरच्या अंगाला चिकटून असतंय. अंडं उलटलं की त्ये गुदमरतं. म्हणूनशान तर फुली मारली व्हती. पर मुंग्या झाडताना, फुली मारायच्या आधीच, माझ्याकडनं उलटली असणार. माझा हात चांगला न्हाई. पिल्लांसकट जोडी पुण्याला प्राण्यांच्या बागेत देऊन टाकतो."

आत मी भाकरी थापत होते. ती तव्यावर पडली की चुलीत, आठवत नाही.

तीन दिवस मी गप्प राहिले. हे सांगायला मला आजही आवडत नाही. खरं तर मला ओरडा खायची भीती नव्हती, माझ्या कोंबड्यांच्या लौकिकाची काळजी होती! आणि तिकडे ज्या माणसाच्या हातानं पंचक्रोशीतल्या म्हशी मोकळ्या झाल्या, तो आपले हात उलटसुलट करून बघत होता. एका मालकानं अडलेल्या गाईसाठी बोलावलं, तर म्हणाले, "दुसरं कुणी बघा." तेव्हा मात्र मी सांगून टाकायचं ठरवलं.

चौथ्या दिवशी सकाळी गेले, तर ते ट्रंकेला सुतळी बांधत होते. अकराची एस.टी. धरायची होती.

"भाऊ, अंडी तुम्ही न्हाई उलटली. म्या उलटली."

सुतळी थांबली.

"कवा?"

"तुम्ही न्हावऱ्याला व्हता तवा."

"येकदाच?"

"रोज. सकाळी आन् सांजच्याला."

"कोंबडीवानी?"

"व्हय."

"आन् फुल्या परत वर कुणी आणल्या?"

"म्याच. तुम्हाला बरं वाटावं म्हणून."

ते कितीतरी वेळ माझ्याकडे तसेच बघत राहिले, म्हशीकडे बघायचे तसे. मी रडायला लागले होते. मग त्यांनी सुतळीची गाठ सोडली, ट्रंकेचं झाकण उघडलं, आत चुंबळी जागेवर आहेत का ते पाहिलं, आणि खोलीची किल्ली माझ्या हातावर ठेवत म्हणाले,

"पुढच्या खेपेची अंडीबी तुम्हीच सांभाळायची, वैनी. दुसरं कुणी ठेवलं तर त्ये पयल्यापासनं चुकंल. तुमचं काय चुकायचं त्ये चुकून झालंय."