चंद्रावरच्या पावलाची कड

माणूस चंद्रावर गेला की नाही, यावर मी आयुष्यात एकदाच कडाकडा भांडले आणि ते भांडण मी जिंकले. त्याची लाज मला अजून वाटते.

तो बहात्तरच्या दुष्काळाचा उन्हाळा. साल त्र्याहत्तर लागलं होतं, पण दुष्काळ बहात्तरचाच म्हणायचा. नगरच्या बोर्डिंगात राहून मी अकरावीची, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकची परीक्षा दिली आणि गावी आले. आमचं गाव शेवगाव तालुक्यातलं. विहिरींना तळ दिसत होता, बैल छावणीत होते आणि अख्खं गाव रस्त्याच्या कामावर खडी फोडत होतं. आबा, म्हणजे माझे वडील, घणानं मोठे धोंडे फोडायचे. आई आणि मी हातोड्या घेऊन त्यांची खडी करत बसायचो. बोर्डिंगातल्या पोरीचे हात दोन दिवसांत सोलून निघाले. आईनं बोटांना चिंध्या बांधल्या आणि म्हणाली, "पेन धरायचं बोट तेवढं संभाळ, बाकीची जाऊ दे."

आबांना सहीसुद्धा येत नव्हती, अंगठा उठवायचे. पण कामावरून घरी चालत येताना ते मला रोज विचारायचे, "आज काय सांगतीस, बाई?" मला ते लाडानं बाईच म्हणत. मग मी पुस्तकातलं काहीतरी सांगायची. रक्त अंगात कसं फिरतं, वीज आधी दिसते आणि गडगडाट मागून का येतो, असलं काहीही. ते मध्ये एक शब्द बोलत नसत. दुसऱ्या दिवशी भाकरीच्या सुट्टीत बाभळीखाली बसून तेच दहा जणांना सांगायचे आणि शेवटी जोडायचे, "आमची बाई सांगती." पोरीला एवढं शिकवून काय करायचंय, असं भावकीत कुणी म्हटलं, की त्यांचं उत्तर ठरलेलं असे. "मला सांगाया कुनीतरी पायजे का नको?"

बोर्डिंग सोडताना आमच्या विज्ञानाच्या बाईंनी मला एका मासिकाचं पान भेट दिलं होतं. चंद्रावरच्या मातीत उमटलेल्या बुटाच्या ठशाचा तो फोटो. मी तो वहीत देवाच्या अंगाऱ्यासारखा जपला होता. एका दुपारी भाकरी खाऊन झाल्यावर मी तो बाभळीखाली काढला आणि हा पाय माणसाचा आहे, चंद्रावरचा आहे, असं सांगून मोकळी झाले.

झालं! मोहोळावर दगड मारल्यावर दुसरं काय होणार?

"चंद्रावर पाय दिला?" एक म्हातारी म्हणाली. "आन आमी चवथ सोडताना कुनाला हात जोडायचा मग? त्या बूटवाल्याला?"

"ही तांबडी मिलो कुनी धाडली आपल्याला?" तिच्या शेजारचा गडी म्हणाला. मिलो म्हणजे रेशनवर मिळणारी अमेरिकेची लाल ज्वारी. तिची भाकरी थापताना आई तिला रोज शिव्या घालायची. "त्यांनीच ना? जे असलं खायाला धाडत्यात, ते फोटू बी तसलाच धाडनार."

सगळे हसले. मग एक जण पुढं सरकला. तो भिंगारला पलटणीच्या गोदामात हमाली करून आलेला होता आणि जग पाहिल्याचा मान त्याला होता. तो म्हणाला, "फोटूचं मला इचारा. नगरात फोटूवाल्याकडं मागं पडदा आसतो. त्या पडद्यावर ताजमहाल. मी आन माझी मंडळी त्याच्याम्होरं बसलोय, घरी फोटू टांगलाय. आता मी आग्र्याला गेल्तो का?"

यावर तर टाळ्याच पडल्या. आज मला त्या प्रश्नाचं कौतुक वाटतं. तेव्हा मात्र माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी एकेकाला उत्तरं दिली. रॉकेट सांगितलं, गुरुत्वाकर्षण सांगितलं, हातवारे करून पृथ्वी फिरवली. कुणी ऐकेना. शेवटी मी हक्कानं आबांकडं वळले. ते माझ्या बाजूनं बोलणार यात मला शंकाच नव्हती.

आबांनी ते पान मघाच हातात घेतलं होतं. उन्हाकडं धरून, तिरकं करून ते बघत होते. इथं एक सांगायला हवं. आबा माग काढायचे. कुणाचं जनावर चुकलं किंवा चोरीला गेलं, की लोक त्यांना बोलवायला येत. मातीतला खूर बघून ते सांगत, गाय गाभण आहे, डाव्या पायानं लंगडते, काल सांजच्याला इथून गेली. आसपासच्या गावांतून त्यांना बोलावणं यायचं, आणि हे एकच काम ते फेटा बांधून करायचे.

"बाई," ते हळूच म्हणाले, "ह्या पायाच्या कडा बघ. कशा उभ्या हायेत. आपन फुफाट्यात पाय दिला की कड ढासळती. वल आसल्याबिगर माती अशी पाय धरून ऱ्हात न्हाई. आन तूच म्हनतीस, तिथं पान्याचा थेंब न्हाई. मग ही कड उभी ऱ्हायली कशी?"

इतका वेळ चेष्टा चालली होती, हा मात्र खरा प्रश्न होता. सगळी तोंडं माझ्याकडं वळली. मला उत्तर येत नव्हतं. उत्तर आलं नाही की मला राग येतो, हा स्वभाव सत्तरी गाठली तरी गेलेला नाही.

"तुम्ही अडाणी आहात, आबा," मी म्हणाले. "तुम्हाला यातलं काय कळतंय?"

कुणीतरी फिसकन हसलं. "पोरीनं बापाचं त्वांड बंद केलं की वो!" आबांनी ते पान होतं तसं घडीवर घडी घालून मिटलं आणि माझ्या हातात दिलं. "व्हय, ते बी खरंच," एवढं बोलून ते उठले आणि घण उचलून धोंड्यांकडं गेले. भांडण असं मी जिंकले.

त्या संध्याकाळी घरी येताना त्यांनी काही विचारलं नाही. दमले असतील, म्हटलं. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी मी आपणहून खोकले, जवळून चालले, तरी नाही. रागावले होते म्हणावं तर तसंही नव्हतं. पाणी मागायचे, उन्हात बसू नको म्हणायचे, आपल्यातली अर्धी भाकरी माझ्याकडं सरकवायचे. फक्त तेवढा एक प्रश्न बंद झाला. बाभळीखालीही ते आता नुसते बसायचे. "आमची बाई सांगती" हे शब्द पुन्हा कानावर आले नाहीत.

आई म्हणाली, "त्यांचा राग मला ठाव हाय. ह्यो राग न्हाई. जा, बोल जाऊन." मी गेले नाही. काय बोलायचं? माझं खरं होतं ना! शिकलेल्या माणसाचा ताठा भारी वाईट असतो, आणि माझा तर कोवळा, नवा कोरा होता.

आठेक दिवसांनी चुलते घरी आले आणि पाथर्डीकडच्या एका स्थळाची गोष्ट काढली. मुलगा चांगला, विहीर अजून आटलेली नाही, पोरीचं शिक्षणही भरपूर झालं. मी आत चुलीपाशी कान टवकारून बसले होते. आता आबा म्हणतील, मला सांगाया कुनीतरी पायजे. पण आबा नुसतं "बघू," म्हणाले. जूनमध्ये नगरच्या कॉलेजला जाणं राहिलं बाजूला, माझ्या आबांना माझ्याकडून काही ऐकायची गरजच उरली नव्हती. मी चुलीतल्या धुराचं निमित्त करून रडून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सुट्टीत मी एकटीच गाडीवाटेवर गेले आणि घोट्याएवढ्या फुफाट्यात पाय दिला. उचलला, तर कड ढासळली. पुन्हा दिला, पुन्हा ढासळली. चपलेनं, अनवाणी, हळू, जोरात, सगळं करून बघितलं. नुसता खळगा राहायचा, पाऊल म्हणून ओळखू येत नव्हतं. आबांचं शंभर टक्के खरं होतं. ज्या एका गोष्टीत ते पंडित होते, नेमक्या त्याच गोष्टीत मी त्यांना अडाणी म्हणाले होते.

तोंड उतरवून परत आले. आई पाणी प्यायला उठली होती. तिच्या बसायच्या जागेपाशी, ज्या धोंड्यावर ठेवून ती खडी फोडायची त्याच्या बुडाला, महिनाभराची दगडाची भुकटी साचली होती. पिठासारखी, करडी, कोरडी ठणठणीत. उठताना आईची टाच त्या भुकटीत पडली होती. आणि ती टाच तिथं तशीच्या तशी होती. कडा उभ्या, चिरल्यासारख्या. आईच्या टाचेच्या भेगासुद्धा मोजून घ्याव्यात.

मी खाली बसून ती भुकटी चिमटीत चोळून बघितली. ताज्या फुटलेल्या दगडाची भुकटी ओलीशिवाय पाऊल धरते. वाटेवरचा फुफाटा वर्षानुवर्षं चाकांखाली, खुरांखाली मळून गुळगुळीत झालेला. ह्या भुकटीचे कण खरखरीत, एकमेकांत अडकून बसणारे. चंद्रावरची माती अशीच असेल तर? म्हणजे माझंही खरं होतं!

महिन्यापूर्वीची मी असते तर बाभळीखाली धावत गेले असते आणि सगळ्यांना हाताला धरून इथं आणलं असतं. पण मला आबांचं ते घडीवर घडी घालणं आठवलं. पुन्हा एकदा दहा माणसांत त्यांना खोटं पाडायचं? मला ते नको होतं. मला माझे आबा परत हवे होते. मी इकडं तिकडं बघितलं आणि हात फिरवून आईची टाच पुसून टाकली.

संध्याकाळी परतताना मी मुद्दाम त्यांच्या बरोबरीनं चालायला लागले. आई मोळी घेऊन बायकांबरोबर पुढं गेली होती. मी म्हणाले, "आबा, मी फुफाट्यात पाय देऊन बघितला. तुमचं खरं आहे. कड राहत नाही. माझं चुकलं. मी तसं बोलायला नको होतं."

आबा चालता चालताच म्हणाले, "एवढंच?"

"हो. एवढंच."

ते थांबले. टोपी काढून त्यांनी कपाळ पुसलं. "दुपारी तुज्या आईच्या जाग्यावरनं चाललो हुतो. तिथं भुकटीवर कुनीतरी हात फिरवल्याला. बारका हात. माग पुसला तरी पुसल्याचा माग ऱ्हातो, बाई. मी म्हनलं, पुसण्यासारखं इथं हुतं तरी काय? म्हनून शेजारी माझा पाय ठिवून बघितला. कड उभी ऱ्हायली."

मला तोंड लपवायला जागा नव्हती. सरळ उजाड रस्ता, दोन्ही बाजूंना नांगरटीची ढेकळं.

"अडानी म्हनलीस," आबा म्हणाले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, म्हणूनच ते ऐकवेना. "ते लागलं. पर म्हनलं, हाय ते हाय. मला वाटलं, आता ह्या पोरीला माज्यासारख्याला सांगायचा कटाळा आला. म्हनून इचारायचं सोडलं. आज मात्र तू मला निम्मंच सांगितलंस. दात न्हाईत त्याला भाकर कुस्करून देत्यात, तसं. माजं दात हायेत अजून."

मी रडायला लागले. त्यांनी रडू दिलं, उगी उगी केलं नाही. मग मी सगळं सांगितलं. आईची टाच, भेगा, भुकटीचे खरखरीत कण, मला आलेला संशय, मी का पुसलं ते, चुलत्यांना ते 'बघू' म्हणाले तेव्हा मी धुराचं निमित्त केलं तेसुद्धा. अडखळत, नाक ओढत, पण पहिल्यापासून शेवटपर्यंत. आबा मध्ये एक शब्द बोलले नाहीत. ऐकताना मान थोडी खाली घालायची त्यांची सवय होती, तशी घातली होती. दहाबारा दिवसांनी मी ती पुन्हा पाहिली आणि मला इतकं बरं वाटलं की माझं रडं आणखीच वाढलं.

माझं संपल्यावर त्यांनी टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली आणि चालायला लागले. मग म्हणाले, "म्हंजी गेल्याला आसंल मानूस. पर एक सांग. भुकटी व्हायाची तर आधी दगूड फुटाया पायजे. हितं आपन फोडतोय, रोज हाताची सालटी जात्यात. तिथं वारा न्हाई, पानी न्हाई, मानूस न्हाई. मग तिथला दगूड फोडतंय कोन?"

मी डोकं खाजवलं. पुस्तकातलं सगळं आठवून बघितलं. काहीतरी ठोकून द्यायला जीभ वळवळली, तसं करण्यात मी पटाईत होते. आबा माझ्याकडं बघत होते.

"मला ठाऊक नाही, आबा."

"आत्ता कशी बोललीस!" आबा हसले. "जूनमधी नगरला जाशील, तवा तेवढं इचारून ये."