दादाने बांधलेला दोरा

फोन आला तेव्हा मी दिग्रसच्या शाळेत फळ्यावर गणित लिहीत होतो. "गुरुजी, भंतेजी गेले," आमच्या गावच्या विहाराची देखरेख करणारे काका म्हणाले. भंतेजी म्हणजे माझा थोरला भाऊ. त्याने भिक्खूचं चीवर घेतल्यापासून मीही त्याला भंतेजीच म्हणायचो. दादा हा शब्द मनातच राहिला…

दादा धम्मावर सुरेख बोलायचा. पण ऐकायला मोजकी माणसं येत. एकदा एका आजारी म्हातारीच्या समाधानासाठी त्याने मंतरलेला दोरा बांधला आणि मग दारात रांगच लागली. असल्या गोष्टींवर भिक्खूने पोट भरू नये, ही बुद्धाची शिकवण मला त्यानेच सांगितली होती. मी आठवण करून दिली, तर म्हणाला, "लोकायले धीर येते. त्यात कोनाचं काय बिघडते?"

बिघडलं ते कमलबाईचं. तिच्या लेकीला, सुजाताला, मिरगी यायची. दोरा बांधल्यावर दोन महिने झटका आला नाही, म्हणून कमलबाईने दवाखान्याच्या गोळ्या बंद केल्या. दादाला हे कळलं होतं. तो गप्प राहिला. विहिरीवर पाणी काढताना पोरीला झटका आला आणि ती आत पडली.

पुढच्या पौर्णिमेला दादा भर विहारात उभा राहिला. "ते पोरगी माह्यामुळं मेली. आजपासून दोरा बंद." लोक चिडले, पण दोरा बंद केला म्हणून! "एका पोरीपायी आमाले कायले सोडता, भंतेजी?" एकाने विचारलंही. हळूहळू घरोघरची भिक्षा आटली. दादा वाळत गेला. मी दिग्रसला चला म्हणालो, तर नको म्हणाला. रोज सकाळी पात्र घेऊन निघायचा आणि कमलबाईच्या बंद दारापुढे बराच वेळ खाली मान घालून उभा राहायचा. शेवटी काविळीचं निमित्त झालं.

परवा त्याची खोली आवरायला गेलो. उशाशी चष्मा होता आणि गोळ्यांचं एक अर्धवट पाकीट. पाकिटावरच्या दवाखान्याच्या चिठ्ठीवर सुजाताचं नाव. ते घेऊन मी कमलबाईकडे गेलो.

"एक दिवस दार उघडलं मी," ती म्हणाली. "भाकरीच्या जागी त्याच्या पात्रात ह्याच टाकल्या."

"मग?"

"हात जोडले त्यानं… दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊन उभा."

मी पाकीट पुढे केलं. तिने घेतलं नाही. आता ते माझ्या टेबलाच्या खणात आहे.