विहिरीत औषध टाकायचा दिवस

आमच्या आरोग्य उपकेंद्रातला औषधांचा साठा दर महिन्याला संपतो, किश्श्यांचा नाही.

मी दूरच्या विद्यापीठात रोगप्रतिबंध शिकले. लोकांना माहिती नसते, ती दिली की निम्मे आजार जातात, असं मनाशी पक्कं करून खाडीपल्याडच्या माझ्या बेटावर परतले. आले तर सगळ्यांना सगळं माहीत! तरी पोरं जुलाबाने खंगतच होती.

*

पहिल्या महिन्यात डेंग्यूसाठी पाण्याच्या टाक्यांत गप्पी मासे सोडले. ते डासांच्या अळ्या खातात, हे घरोघर समजावलं. दोन दिवसांनी एका घरी बघते तर गप्पी बोंबलांशेजारी उन्हात वाळत घातलेले!

म्हातारी म्हणाली, "पान्यात मरून वास मारतील, म्हनून काढले. पण एवढुशी मासळी दिलीस बाय, कालवनाला पुरायची नाय!"

*

होडी चालवणाऱ्या एका तांडेलाने नव्या कोऱ्या शौचालयाला कुलूप घातलं होतं. आत जाळं! मी चिडले. तो शांतपणे म्हणाला, "जालं बाहेर ठेवलं तर उंदीर कुरतडतात. आमी बाहेर बसलो तर कोन कुरतडतो?"

*

विहिरीच्या पाण्याचा नमुना पालघरला न्यायचा, तोही बर्फात. आमच्याकडे बर्फ फक्त मासळीच्या पेटीत. सीलबंद बाटली कोळंबीत खुपसून होडीने, मग एसटीने नेली. लॅबमधला क्लार्क वास घेऊन म्हणाला, "मॅडम, पाणी तपासायचं की चव बघायची?"

दोघंही हसलो. अहवालावर मात्र दोनच शब्द आले: पिण्यास अयोग्य.

*

विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकायचं काम नरसूकाकांचं. ते मनाला येईल तेव्हा, कुणाला न सांगता टाकून यायचे. मला पटेना.

"काका, पाणी लोकांचं आहे. त्यांना आधी सांगायला हवं!"

"सांगून काय व्हनार, बाय?"

मी ऐकलं नाही. दर सोमवारी पावडर, आणि रविवारी दुपारी काकांची गावभर हाक: "उद्या विहिरीत औषध हाय!" पहिल्याच रविवारी विहिरीवर बायकांची झुंबड उडाली. मी फोटो काढून तालुक्याला पाठवला. खाली लिहिलं, 'लोकसहभाग'. कौतुकाचा फोन आला!

त्यानंतर जुलाब वाढले.

आमच्या उपकेंद्राच्या आशा सेविका कमळमावशी पावडरचे फायदे सांगत घरोघर फिरायच्या. त्यांचीच दोन वर्षांची नात पिहू आजारी पडली. होडीतून, मग रिक्षाने बोईसरला नेली. बाटल्यांवर बाटल्या सलाईन लागलं. डॉक्टर म्हणाले, "पुन्हा असं झालं तर पोर हाती लागायची नाही."

*

पिहू घरी आल्यावर बघायला गेले. मावशीच्या मांडीवर पडून होती. रडायलाही जोर नव्हता. मावशी तिला अलगद बाजूला निजवून उठल्या आणि कोपऱ्यातल्या झाकलेल्या हंड्यातून मला तांब्या भरून दिला.

"घे, चांगलं पानी हाय. औषधाच्या आदलं. वास नाय. सगल्याच बाया रविवारी भरून ठेवतात, पुरवून पुरवून पितात. औषधाचं भांड्याकपड्याला."

मग त्यांनी त्यातलंच थोडं वाटीत ओतलं आणि पिहूच्या ओठांना लावलं.

"आजारी पोरीला दुसरं कसं द्यायचं? तुज्यामुलं बरं झालं बाय. आदी काका न सांगता टाकायचे. सगल्या गावाला तेच प्यावं लागायचं!"

मी वाटी हिसकावून घेतली. 

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नरसूकाकांच्या दारात उभी होते.

"काका, आता हाक द्यायची नाही. वारही ठरवायचा नाही."

"मंजे परत चोरून?"

"चोरून."