पत्रकातला पहिला परिच्छेद

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. तुमचे आजोबा गेले, त्यांनाही नाही. तुमच्या आईला तर नाहीच. तुम्ही दोघं मराठी सावकाश वाचता, म्हणून सोपं लिहिते — पण सोपं लिहिलं की लपायला जागा राहत नाही, हेही मला कळतं.

सुमनआजी तुम्हांला ठाऊक आहे. माझी धाकटी जाऊ. मेहकरला आमची घरं लागून, अंगण एक. तिला मूल झालं नाही. बुलढाणा, अकोला, नागपूर — किती डॉक्टर झाले, आणि दर वेळी ती बसमधून उतरून थेट स्वयंपाकाला लागायची. मी शाळेत इंग्रजी शिकवायला गेले की तुमची आई तिच्याकडे. वेण्या तिने घातल्या, तापात उशाशी ती बसली. संध्याकाळी पोरगी मला 'मले भूक लागली' म्हणायची, आणि मी आधी 'मला' म्हणायला लावायचे. मग वाढायचे. तुम्हीच सांगा — ती कुणाकडे बोलायला जाईल?

मोठी झाली, परदेशी गेली, तरी काकूशी फोनवर वऱ्हाडीत हसायची. माझ्याशी — 'आई, बरी आहेस ना?' मी म्हणायचे, 'बरी आहे.' संपलं.

काही वर्षांपूर्वी तुमच्याकडून पार्सल आलं. त्यात को-एन्झाइम क्यू टेनच्या कॅप्सूलची बाटली, सुमनचा थकवा जावा म्हणून. जिना चढताना मीही दमून थांबायचे. पण मी कधी तसं सांगितलं होतं? सुमनने सांगितलं होतं, एवढंच. हे आज समजतं. त्या दिवशी फक्त बाटली दिसली.

ती घेऊन सुमन माझ्याकडेच आली. "बाई, वाचून सांगा बरं, तुमच्या लेकीनं काय धाडलं मले. म्हातारीले जवान करते का काय?"

मी बाटलीसोबतचं इंग्रजी पत्रक उलगडलं. बाईच्या वयाप्रमाणे परिच्छेद होते. पहिला — मूल व्हावं म्हणून प्रयत्न करणाऱ्या बायकांसाठी. दुसरा पाळी जाण्याच्या वयाचा. तिसरा साठीनंतरचा: हा पदार्थ शरीर स्वतःच बनवतं, वयाबरोबर तो कमी होत जातो, थकवा वाटणाऱ्या काहीजणी डॉक्टरांना विचारून घेतात. तिसरा तिचा होता.

मी पहिला वाचला. मोठ्याने, मराठी करत, वर्गात वाचायचे तसा. आणि पत्रकाची घडी घातली.

एक अक्षर खोटं बोलले नाही — किती वर्षं मी या वाक्याला धरून बसले.

सुमन हसायची थांबली. "पोर होण्याची गोळी? मले?" मग हळूच, "तिनंबी थट्टा करावी का हो माही, बाई?"

तेव्हाच बोलायचं होतं. ओठावर आलं होतं — आलं होतं का खरंच? मी म्हटलं, "तिकडे राहून माणसांना कळत नाही गं काही." आणि मला बरं वाटलं. हे लिहायलाच हवं. आत कुठेतरी गार वाटलं.

त्यानंतर ती तुमच्या आईचा फोन उचलेना. उचललाच तर 'हाव, बरी हाये' म्हणून ठेवायची — अगदी माझ्यासारखी. तुमच्या आईने मला विचारलं, "काकूले काय झालं? माह्यावर रागावली का?" कितीतरी वर्षांनी ती माझ्याशी त्या बोलीत बोलली, रडवेली होऊन. मी म्हटलं, 'वय झालं तिचं.' आता ती रविवारी मलाच फोन करते. बराच वेळ बोलते. मी रविवारची वाट पाहते.

त्या कॅप्सूलने सुमनचा थकवा गेला असता की नाही, मला ठाऊक नाही. डॉक्टरही खात्रीने सांगत नाहीत. प्रश्न तो नव्हताच.

आत्ता ती अंगणात मिरच्या वाळत घालते आहे. हाक मारली तर ऐकू जाईल. इतक्या जवळ आहे ती — आणि मी लिहिते आहे तुम्हांला, समुद्रापलीकडे. जिला आपण वाढवलं तिनेच म्हातारपणी आपल्याला हिणवलं, असं तिला वाटतं. तिने नाही हिणवलं. मी हिणवलं.