बाळूला ऐकू येतं ते

सुरुवातीलाच सांगते, भानामती, अंगात येणं असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नाही. बाळूला बाबाकडे न्या म्हणणाऱ्या मावशीशी मी दोन वर्षं बोलत नाहीये... त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय.

आम्ही तेरचे. लकव्यानं आई तीन वर्षं अंथरुणाला खिळलेली, वाचा पूर्ण गेलेली. धाकट्या भावाला, बाळूला, स्किझोफ्रेनिया. त्याला आवाज ऐकू येतात, आणि त्यातला एक आईचा असतो म्हणे. दोघांचं मीच बघते. गोळी दिसली की बाळू ताट भिरकावतो, म्हणून ती कुटून दूध-भाकरीत मिसळायची. आईला अख्खी गोळी गिळवत नाही, तिचीही तशीच. दोन सारख्या वाट्या — आईची खिडकीत, बाळूची ओट्यावर. बाळूची गोळी आईला गेली तर जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी बजावलंय.

गेल्या उन्हाळ्यातली सकाळ. आठ दिवसांनी नळाला पाणी आलं आणि वाट्या तशाच टाकून मी घागरी भरायला पळाले. परत आले ती हाताला लागली ती वाटी उचलून आईच्या उशाशी बसले. पहिला चमचा तिच्या ओठांशी नेला...

"पुष्पे, ही बाळूची हाय."

आईचा आवाज. अगदी स्पष्ट. आणि ओठ तर समोर मिटलेले, चमच्याला टेकलेले.

वाटीत बोट बुडवून चाटलं — गोड. आईला शुगर आहे, तिच्या वाटीत मी साखर घालतच नाही.

माझ्याच मनानं सावध केलं असेल, असं मी म्हटलंही असतं. पण ओसरीवर बसलेला बाळू दारात आला. ओसरीवरून आतलं काही दिसत नाही.

"अक्का, ही बाळूची हाय म्हणली की आई. ऐकलंस न्हवं?"

त्याच्या आवाजांना होकार द्यायचा नाही, ही डॉक्टरांची सक्त ताकीद. मी म्हटलं, "न्हाय रे. आई कुठं बोलतीय?"



"मग माझं दुखणं लई वाढलंय," तो म्हणाला, आणि उंबऱ्यावर बसून रडायला लागला.

आवाज पुन्हा आला नाही. बाळूच्या गोळ्या चालूच आहेत. ते काय होतं, मला आजही सांगता येत नाही. मीही ऐकलं होतं, हे त्याला अजून सांगितलेलं नाही.